स्पायवेअर काढले आणि संगणक सुरू होईना

विंडोज एक्सपीच्या काळात, २००४च्या सुमारास, एक चमत्कारिक बिघाड अनेक ठिकाणी दिसू लागला. संगणक नेहमीसारखा चालू व्हायचा, नावांचा पडदा यायचा, नावावर क्लिक केले की सेटिंग्ज लोड होत असल्याची ओळ उमटायची आणि पुढच्याच क्षणी सेटिंग्ज सेव्ह होत असल्याचे सांगून संगणक पुन्हा नावांच्या पडद्यावर परतायचा. कितीही वेळा प्रयत्न केला तरी हेच. पासवर्ड बरोबर असे, खाते शाबूत असे, फायली जागच्या जागी असत, पण आत पाऊल ठेवता येत नसे. सेफ मोडमध्येही तोच फेरा. या संगणकांवरून त्याआधी ब्लेझफाइंड नावाचे स्पायवेअर काढून टाकलेले असे. काढण्यासाठी वापरलेले अ‍ॅड-अवेअर हे तेव्हाचे नावाजलेले साधन होते आणि त्याने आपले काम चोखही केले होते. डब्ल्यूएसएअपडेटर.ईएक्सई ही ब्लेझफाइंडची फाइल त्याने पुसून टाकली होती.

बिघाडाचे मूळ त्या पुसण्यातच होते. लॉगिन झाल्यावर विंडोजचा विनलॉगऑन हा भाग यूजरइनिट.ईएक्सई नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवतो, आणि तो प्रोग्रॅम पुढे डेस्कटॉप उभा करतो. कोणता प्रोग्रॅम चालवायचा हे मात्र विनलॉगऑन स्वतः ठरवत नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'यूजरइनिट' या नावाची एक नोंद असते आणि तिथे जे लिहिले असेल ते चालवले जाते. ब्लेझफाइंडने तिथे आपल्या फाइलचे नाव लिहिले होते. फाइल गेली, नोंद तशीच राहिली. विनलॉगऑन त्या नावाची फाइल शोधी, ती सापडत नसे, आणि सुरू झालेले सत्र तिथेच गुंडाळले जाई. भाडेकरू निघून गेला, पण दाराला त्याचेच कुलूप राहिले, तशी ही अवस्था.

स्पायवेअर काढल्यावर संगणक सुरू न होण्याचे बहुतेक प्रकार या एका गोष्टीची रूपे आहेत. हेरगिरी करणाऱ्या प्रोग्रॅमला संगणक सुरू होताच, वापरणाऱ्याच्या आधी, जागे व्हायचे असते. त्यासाठी तो सुरू होण्याच्या प्रक्रियेत कुठेतरी स्वतःला गुंफून घेतो. काढणारे साधन फाइल ओळखते आणि पुसते, पण तिच्याकडे बोट दाखवणारी नोंद प्रत्येक वेळी पूर्ववत करतेच असे नाही. म्हणून अशा संगणकाची दुरुस्ती म्हणजे मुख्यतः तुटलेला दुवा शोधणे. दुकानात नेल्यावर अनेकदा पहिलाच सल्ला 'फॉरमॅट मारून घ्या' असा मिळतो. एका ओळीची नोंद चुकली म्हणून सगळे घर पाडण्यासारखे ते आहे, आणि त्यात वर्षानुवर्षांचे काम जाते.

सुरू होण्याची साखळी

दुवा शोधायचा तर साखळी माहीत हवी. बटण दाबल्यावर प्रथम मदरबोर्डवरचा बायोस किंवा त्याचा नवा अवतार यूईएफआय जागा होतो, मेमरी, कीबोर्ड, डिस्क यांची तपासणी करतो आणि बूट करण्याजोगी डिस्क शोधतो. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिला ५१२ बाइटचा सेक्टर हा मास्टर बूट रेकॉर्ड असतो. त्यातले ४४६ बाइट प्रोग्रॅमचे, ६४ बाइट डिस्कच्या विभागणीच्या तक्त्याचे आणि शेवटचे २ बाइट खुणेचे. यूईएफआयमध्ये हे काम डिस्कवरच्या एका छोट्या स्वतंत्र विभागातली फाइल करते. त्यानंतर विंडोजचा बूट मॅनेजर येतो. एक्सपीत त्या जागी एनटीएलडीआर होता, व्हिस्टापासून बूटएमजीआर आहे. तो विंडोजचा गाभा म्हणजे कर्नल आणि डिस्क वाचण्यासाठी लागणारे ड्रायव्हर मेमरीत आणतो. कर्नल उभा राहिला की सेशन मॅनेजर, मग विनलॉगऑन, लॉगिन, यूजरइनिट आणि शेवटी एक्सप्लोरर, म्हणजे डोळ्यांना दिसणारा डेस्कटॉप.

स्पायवेअर यातल्या कोणत्या टप्प्यावर बसले होते, ते संगणक कुठे अडतो यावरून कळते. म्हणून पहिले काम शांतपणे पाहण्याचे. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, कंपनीचे चिन्हही येत नाही, तर दोष स्पायवेअरचा नाही. वीज, अ‍ॅडॉप्टर, मेमरीची पट्टी यांकडे पाहावे. स्पायवेअर काढणे आणि पॉवर सप्लाय जाणे एकाच संध्याकाळी घडू शकते. चिन्ह येऊन काळ्या पडद्यावर 'ऑपरेटिंग सिस्टिम सापडली नाही' अशा अर्थाची ओळ आली, तर बूट सेक्टर किंवा बूट मॅनेजर. पेनड्राइव्ह लावलेला राहिला असेल आणि बायोस त्यावरूनच बूट करू पाहत असेल, तरीही अशी ओळ येऊ शकते, तेव्हा तो आधी काढून पाहावा. विंडोजचे चिन्ह येऊन निळा पडदा आला, तर ड्रायव्हर, कर्नल किंवा सेशन मॅनेजर. लॉगिनपर्यंत पोचून परत फिरला किंवा नुसता काळा पडदा आणि माउसचा बाण उरला, तर विनलॉगऑनच्या नोंदी. निळ्या पडद्यावरचा कोड मोबाइलने टिपून ठेवावा. पुढचा अर्धा तपास त्यावर उभा असतो.

हात लावण्याआधी

दुरुस्तीची कोणतीही आज्ञा देण्याआधी डेटा बाहेर काढणे शहाणपणाचे. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा ती फार संथ वाचत असेल तर हे आणखी निकडीचे, कारण दमलेल्या डिस्कवर तासन्‌तास चेकडिस्क ही डिस्कची तपासणी चालवली तर उरलेलीही हातची जाऊ शकते. लिनक्सचा, उदाहरणार्थ उबुंटूचा, लाइव्ह पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर बनवून त्यावरून बूट केले की विंडोजला न जागवता तिच्या फायली वाचता येतात. तेवढाही खटाटोप नको असेल तर विंडोजच्या रिकव्हरीतल्या कमांड प्रॉम्प्टवर (तिथे कसे शिरायचे ते पुढे येते) नोटपॅड उघडावे, त्यातल्या 'ओपन'च्या खिडकीत 'ऑल फाइल्स' निवडावे. ती खिडकी लहानशा फाइल मॅनेजरसारखी चालते आणि तिथून उजवे क्लिक करून फोल्डर पेनड्राइव्हवर नेता येतात.

काय न्यायचे याचा विचार 'डॉक्युमेंट्स' आणि 'डेस्कटॉप' या दोन फोल्डरांवर थांबवू नये. टॅलीचा डेटा त्या दोन्हींत नसतो. टॅली.ईआरपी ९ मध्ये तो नेहमीच्या मांडणीत टॅलीच्याच फोल्डरमधल्या 'डेटा'त, तर टॅलीप्राइममध्ये 'यूजर्स'मधल्या 'पब्लिक'खाली असतो. मराठी डीटीपी करणाऱ्यांच्या संगणकावर आणखी एक काळजी घ्यावी लागते. युनिकोड येण्याआधीच्या पद्धतीच्या फाँटांत टाइप केलेल्या पुस्तकांच्या, पत्रिकांच्या फायली तो नेमका फाँट नसेल तर उघडूनही वाचता येत नाहीत, पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिडा दिसतो. म्हणून विंडोजच्या फोल्डरमधला 'फाँट्स' हा फोल्डरही सोबत घ्यावा.

डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर ही व्यवस्था आपोआप सुरू झालेली असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. की त्या खात्यात जमा असते, मोबाइलवरून खात्यात शिरून ती पाहता येते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. उपाय एक फाइल पुसण्याएवढा सोपा होता. तरीही अनेक कार्यालयांचा वेळ गेला तो प्रत्येक संगणकाची ही की शोधण्यात.

आत शिरण्याचे मार्ग

एक्सपी आणि विंडोज ७ मध्ये चालू होताना एफ८ दाबत राहिले की सेफ मोडची यादी येते. विंडोज ८ पासून ती सोय नेहमीच्या मांडणीत बंद आहे. विंडोज १० आणि ११ सलग दोन-तीन वेळा सुरू होता होता अडले की स्वतःहून रिकव्हरीचा पडदा दाखवतात. न दाखवल्यास विंडोजचे चिन्ह दिसताच बटण दहा सेकंद दाबून संगणक बंद करावा, असे तीनदा केले की तो पडदा येतो. डिस्कवरचा रिकव्हरीचा भागच बिघडला असेल तर दुसऱ्या संगणकावर विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह बनवून त्यावरून बूट करावे आणि 'इन्स्टॉल'ऐवजी 'रिपेअर' निवडावे.

सेफ मोड कमीत कमी ड्रायव्हर घेऊन उभा राहतो, त्यामुळे स्पायवेअरच्या मागे राहिलेल्या बऱ्याच नोंदींना तो शिवत नाही. त्यातला कमांड प्रॉम्प्टचा प्रकार तर एक्सप्लोररलाही वगळतो. साधा सेफ मोड काळ्या पडद्यावर थांबतो आणि कमांड प्रॉम्प्टचा सुरू होतो, असे दिसले तर दोष डेस्कटॉप उभा करणाऱ्या 'शेल'च्या नोंदीत आहे, हे जवळजवळ नक्की.

मात्र सेफ मोडवर डोळे झाकून विसंबता येत नाही. सॅलिटीसारखे काही घातक प्रोग्रॅम रजिस्ट्रीतली 'सेफबूट' ही शाखाच पुसून टाकतात, जेणेकरून वापरणाऱ्याला त्यांना हटवण्यासाठी सुरक्षित जागा मिळू नये. मग सेफ मोड निवडताच निळा पडदा येतो. अशा संगणकावर कोणी एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन 'सेफ बूट'वर टिचकी मारली, तर संगणक दर वेळी त्याच तुटलेल्या सेफ मोडकडे धावतो आणि साधी विंडोजही हाती लागत नाही. हा पेच रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टवरून सुटतो. बीसीडीएडिट या आज्ञेने बूटच्या नोंदीतले 'सेफबूट' हे मूल्य काढून टाकले की नेहमीची वाट मोकळी होते.

लॉगिनपाशी तुटलेला दुवा

ब्लेझफाइंडच्या प्रकरणात वापरलेला उपाय आजही शिकण्यासारखा आहे. एक्सपीच्या सीडीवरून रिकव्हरी कन्सोल उघडायचा, सिस्टिम३२ या फोल्डरमध्ये जायचे आणि यूजरइनिट.ईएक्सईची एक प्रत डब्ल्यूएसएअपडेटर.ईएक्सई या नावाने करायची. नोंद चुकीच्या नावाकडे बोट दाखवत होती, तर त्या नावाखाली खरी फाइलच ठेवायची. विनलॉगऑनला नावाशी मतलब, त्यामुळे लॉगिन होई. आत गेल्यावर रजिस्ट्रीतली नोंद मूळपदावर आणायची, पुन्हा एकदा संगणक सुरू करून खात्री करायची आणि मग ती तात्पुरती प्रत पुसायची. रिकव्हरी कन्सोलमध्ये रजिस्ट्री उघडण्याची सोय नव्हती. ती अडचण कोणीतरी किती साधेपणाने ओलांडली!

आता एवढा वळसा घ्यावा लागत नाही, कारण नव्या रिकव्हरीत रेजएडिट चालते. पण तिथे नवशिक्या हमखास फसतो. रिकव्हरी ही स्वतःच एक छोटी विंडोज असते, तिचा स्वतःचा एक्स ड्राइव्ह असतो, आणि रेजएडिट उघडल्यावर दिसते ती तिचीच रजिस्ट्री. त्यात बदल करून आजारी विंडोजला काहीच होत नाही. तिची रजिस्ट्री वेगळी उघडावी लागते. 'एचकी लोकल मशीन'वर क्लिक करून फाइलच्या मेनूतून 'लोड हाइव्ह' (हाइव्ह म्हणजे रजिस्ट्रीची एक फाइल) निवडावे, आजारी विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या 'कॉन्फिग' फोल्डरमधली 'सॉफ्टवेअर' ही फाइल दाखवावी आणि तिला एखादे ओळखीचे नाव द्यावे. इथे ड्राइव्हची अक्षरेही बदललेली असू शकतात, एरवीचा सी इथे डी होतो. तेव्हा आधी कमांड प्रॉम्प्टवर 'डीआयआर' देऊन विंडोजचा फोल्डर कुठे आहे ते पाहून घ्यावे. बदलण्यापूर्वी त्या हाइव्हच्या फाइलची एक प्रत बाजूला ठेवावी, आणि काम झाल्यावर 'अनलोड' करायला विसरू नये.

मग मायक्रोसॉफ्टखालच्या 'विंडोज एनटी', 'करंट व्हर्जन', 'विनलॉगऑन' या वाटेने गेले की दोन नोंदी तपासायच्या असतात. 'यूजरइनिट'मध्ये सिस्टिम३२ मधल्या यूजरइनिट.ईएक्सईचा पूर्ण पत्ता आणि शेवटी एक स्वल्पविराम असतो. या स्वल्पविरामानंतर दुसरे कोणतेही नाव जोडलेले दिसले तर ते संशयास्पद, कारण घुसखोराची ती आवडती जागा. 'शेल'मध्ये फक्त एक्सप्लोरर.ईएक्सई असावे.

या दोन्ही ठीक असूनही डेस्कटॉप येत नसेल तर शेजारच्या 'इमेज फाइल एक्झिक्यूशन ऑप्शन्स' या शाखेत पाहावे. ही सोय खरे तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी आहे: एखाद्या प्रोग्रॅमच्या नावाखाली 'डीबगर' लिहिले की तो प्रोग्रॅम सुरू करताना विंडोज आधी डीबगर सुरू करते. स्पायवेअर इथे एक्सप्लोररच्या नावाखाली स्वतःचे नाव लिहून ठेवते. स्पायवेअर पुसले गेले की विंडोज नसलेला डीबगर शोधत बसते आणि एक्सप्लोरर जागचा हलत नाही. तिथली ती 'डीबगर'ची नोंद तेवढी काढायची.

एक्सपी आणि त्याआधीच्या विंडोजमध्ये याच टप्प्यावर जीना नावाचा भागही बदलता येत असे. पासवर्ड विचारणारी खिडकी त्याच्या ताब्यात असल्याने पासवर्ड चोरणाऱ्यांना तो मोह पडला नसता तरच नवल. बदललेला जीना पुसला गेला की लॉगिनची डीएलएल लोड होत नसल्याचा संदेश येई. व्हिस्टापासून जीना गेला आणि तो प्रकारही संपला.

निळा पडदा

लॉगिनच्या आधीच निळा पडदा आला तर दुवा अधिक खोल तुटलेला असतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण झीरोअ‍ॅक्सेस या रूटकिटचे, म्हणजे विंडोजच्या आत खोलवर शिरून स्वतःला लपवणाऱ्या प्रोग्रॅमचे. त्याच्या ६४-बिट विंडोजवरच्या एका प्रकाराने सेशन मॅनेजरच्या नोंदींतल्या 'सबसिस्टिम्स' या ठिकाणी एक शब्द बदलला होता. तिथे विनएसआरव्ही असे असते, त्याने कॉनएसआरव्ही केले आणि त्या नावाची आपली डीएलएल ठेवली. अँटीव्हायरसने ती डीएलएल पुसली की पुढच्या वेळी विंडोज सी००००१३५ हा कोड दाखवून थांबे, म्हणजे हवा असलेला भाग सापडला नाही. अख्खा संगणक बंद पडला तो दोन अक्षरांच्या फेरफाराने.

दुरुस्ती वर सांगितलेल्या रीतीनेच, फक्त या वेळी 'सॉफ्टवेअर'ऐवजी 'सिस्टिम' ही हाइव्ह उघडावी लागते. तीत 'करंट कंट्रोल सेट' दिसत नाही, कारण ती शाखा विंडोज चालू असतानाच तयार होते. त्याऐवजी ००१, ००२ अशा क्रमांकांचे संच दिसतात. कोणता वापरात आहे ते 'सिलेक्ट' शाखेतल्या 'करंट' या आकड्यावरून कळते. त्या संचात जाऊन कॉनएसआरव्हीचे पुन्हा विनएसआरव्ही करायचे. त्या लांबलचक ओळीतले दुसरे एकही अक्षर हलता कामा नये.

७-बी या कोडाचा अर्थ विंडोज ज्या डिस्कवर आहे तीच तिला वाचता येत नाही. अशा वेळी संशय डिस्कच्या ड्रायव्हरवर आणि त्याच्यावर बसलेल्या फिल्टर ड्रायव्हरवर जातो. फिल्टर ड्रायव्हर म्हणजे खऱ्या ड्रायव्हरच्या वर किंवा खाली बसून येणारी-जाणारी माहिती पाहणारा मध्यस्थ. हेरगिरीला याहून सोयीची जागा नाही. त्यांची नावे रजिस्ट्रीत 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' या नोंदींत असतात, आणि नोंदीत नाव असून फाइल नसेल तर ते उपकरणच सुरू होत नाही. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रसिनोव्हिच यांनी सोनी बीएमजीच्या संगीताच्या सीडींबरोबर संगणकात शिरणारा रूटकिट उघडकीला आणला, तेव्हा त्यांनाही हाच अनुभव आला. लपलेले ड्रायव्हर त्यांनी पुसले, संगणक पुन्हा सुरू केला आणि सीडी ड्राइव्ह गायब झाला. फिल्टरच्या नोंदी शोधून काढल्यावर तो परत आला. विंडोजच्या अंतरंगाचा एवढा जाणकारही फाइल आधी आणि नोंद नंतर या क्रमाने गेला, तर साध्या साधनांकडून चूक होण्यात नवल नाही.

सीडी ड्राइव्ह गेला तर काम अडत नाही, डिस्क गेली तर निळा पडदा येतो, आणि कीबोर्ड गेला तर लॉगिनच्या पडद्यावर पासवर्डच टाइप करता येत नाही. कळा टिपणारे कीलॉगर कीबोर्डच्या 'अपरफिल्टर्स'मध्ये बसलेले असू शकतात. अशा वेळी व्हिस्टा आणि पुढच्या विंडोजमध्ये लॉगिनच्या पडद्याच्या कोपऱ्यातल्या 'ईझ ऑफ अ‍ॅक्सेस'च्या, आता नुसत्या 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'च्या, चिन्हावरून पडद्यावरचा कीबोर्ड उघडून माउसने पासवर्ड भरता येतो. आत गेल्यावर त्या नोंदीतले परके नाव काढायचे. सगळी नोंद पुसून चालत नाही, कारण तिच्यात केबीडीक्लास हे विंडोजचे स्वतःचे नाव असते आणि ते गेले तर कीबोर्ड पुन्हा मुका होतो. डिस्कच्या 'अपरफिल्टर्स'मध्ये पार्टएमजीआर हे असेच राखायचे नाव.

याउलट, काही वेळा पुसलेली फाइल परकी नसतेच. टीडीएल३ हा रूटकिट स्वतःची वेगळी फाइल न ठेवता डिस्क चालवणाऱ्या अटापी.एसवायएस या विंडोजच्याच ड्रायव्हरमध्ये शिरत असे. तो रोगट ड्रायव्हर नुसता पुसला तर डिस्क वाचणारे कोणी उरत नाही. तिथे चांगली प्रत आणून बसवावी लागते. एक्सपीत अशी प्रत 'डीएलएलकॅश'मध्ये, सर्व्हिस पॅकच्या फोल्डरमध्ये किंवा सीडीवर मिळते, व्हिस्टापासून 'ड्रायव्हरस्टोअर'मध्ये. याच कुळातल्या रूटकिटने फेब्रुवारी २०१० मध्ये वेगळाच गोंधळ घातला. मायक्रोसॉफ्टचे एमएस१०-०१५ हे सुरक्षा-अपडेट बसवल्यावर अनेक एक्सपी संगणक निळ्या पडद्यावर अडकू लागले. दोष अपडेटला लागला. तपासात निघाले ते असे, की ते संगणक आधीच बाधित होते. रूटकिटने कर्नलमधल्या काही भागांचे पत्ते पक्के धरले होते, अपडेटने कर्नल बदलला, पत्ते हलले आणि रूटकिट भलत्याच ठिकाणी जाऊन आदळू लागला. संगणक ज्या कृतीनंतर बंद पडला तीच कारण असते असे धरून चालू नये, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले.

साधनांची चूकही होते, आणि ती मोठी असते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकअ‍ॅफीच्या एका अपडेटने एक्सपीच्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकवरची एसव्हीसीहोस्ट.ईएक्सई ही अत्यावश्यक फाइल व्हायरस म्हणून पकडली. संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले, नेटवर्क गेले. नोव्हेंबर २००८ मध्ये एव्हीजीने यूजर३२.डीएलएलबाबत हेच केले होते. म्हणून काढणाऱ्या साधनाचा अहवाल डिस्कवर सापडला तर तो आधी वाचावा. त्यात सिस्टिम३२ मधली ओळखीची नावे दिसली तर बहुधा विंडोजचाच अवयव कापला गेला आहे. अशी फाइल परत बसवण्यासाठी रिकव्हरीतून सिस्टिम फाइल चेकर चालवता येतो, पण तो रिकव्हरीची स्वतःची विंडोज तपासत बसू नये म्हणून त्याला आजारी विंडोजचा ड्राइव्ह आणि फोल्डर 'ऑफबूटडीर' आणि 'ऑफविनडीर' या शब्दांनी स्पष्ट सांगावे लागतात.

बूट सेक्टर

मेब्रूट आणि टीडीएल४ यांसारखे बूटकिट विंडोजच्याही आधी, मास्टर बूट रेकॉर्डमध्ये बसत. ते अर्धवट निघाले की विंडोजचे चिन्हही दिसत नाही. बूटरेकच्या 'फिक्सएमबीआर' या आज्ञेने ४४६ बाइटचा प्रोग्रॅम नव्याने लिहिला जातो आणि विभागणीचा तक्ता शाबूत राहतो. बूटची यादी हरवली असेल तर 'रीबिल्डबीसीडी'. डिस्कवर दुसऱ्या कंपनीचे संपूर्ण एन्क्रिप्शन असेल तर मात्र 'फिक्सएमबीआर' अजिबात देऊ नये, कारण कुलूप उघडणारा प्रोग्रॅम त्याच सेक्टरमध्ये असू शकतो. यूईएफआयच्या संगणकांवर हा सेक्टर बूटसाठी वापरलाच जात नाही, तिथे बीसीडीबूट ही आज्ञा बूटच्या फायली नव्याने मांडते.

मागे जाणे आणि नव्याने बसवणे

दुवा सापडत नसेल तर सिस्टिम रिस्टोअरने आधीच्या एखाद्या तारखेच्या रजिस्ट्रीकडे परतता येते. फायली त्यात जात नाहीत. त्या तारखेला स्पायवेअर संगणकात होते, हे गृहीतच धरावे. सुरू झाल्यावर लगेच, इंटरनेटची तार न जोडता, ते पुन्हा काढायचे, आणि या वेळी त्याने कोणत्या नोंदी धरल्या आहेत ते आधी पाहून. साधनाच्या क्वारंटाइनमधून पुसलेली फाइल परत आणणे हाही तसाच उपाय आहे. तो तात्पुरता शिरकाव म्हणून चालतो. पूर्वी 'कॉन्फिग'मधल्या 'रेजबॅक' फोल्डरमध्ये रजिस्ट्रीच्या आपोआप ठेवलेल्या प्रती मिळत आणि त्यांनी अनेकांना वाचवले. विंडोज १०च्या १८०३ या आवृत्तीपासून तिथल्या फायली रिकाम्या असतात. आकार शून्य दिसला तर त्या खऱ्या हाइव्हवर चुकूनही चढवू नयेत.

सगळी विंडोज नव्याने बसवण्याची वेळ काही वेळा खरोखरच येते. रूटकिट कर्नलपर्यंत पोचला होता, काय काय बदलले याचा अंदाज उरला नाही, किंवा संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, अशा वेळी दुरुस्त केलेल्या विंडोजवर विश्वास ठेवण्यापेक्षा नवी बसवणे योग्य. 'रीसेट'मध्ये फायली ठेवण्याचा पर्याय असतो, पण बसवलेले प्रोग्रॅम जातात, हे आधी लक्षात घ्यावे.

संगणक सुरू झाला की त्यावर टाइप केलेले सगळे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावेत. ईमेलचा सर्वांत आधी, कारण बाकीचे पासवर्ड त्याच्यातूनच बदलले जातात, मग बँकेचे. स्पायवेअर निघाले असले तरी त्याने टिपून पाठवलेले परत येत नाही. डेस्कटॉप आला, सगळे चालू लागले, पण इंटरनेटच मिळत नाही, असेही पुष्कळदा होते. तिथे नेटवर्कच्या साखळीतला एक दुवा तुटलेला असतो, कारण न्यू.नेटसारखे प्रोग्रॅम विनसॉक या विंडोजच्या नेटवर्क-भागाच्या थरांत स्वतःला गुंफून घेत. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टवर 'नेटएसएच विनसॉक रीसेट' देऊन संगणक एकदा पुन्हा सुरू केला की तो दुवा जुळतो.